दाराबाहेरचा माणूस

आमच्या ताईने केलेल्या व्हिडिओ गेममध्ये भूत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्यांनी नुसता त्यावरचा सिनेमा बघितला त्यांना ते खरं वाटत नाही.

गेमचं नाव 'घर सांभाळ'. दहा वर्षांची एक मुलगी घरात आहे, धाकटा भाऊ झोपलाय, आई कामावर गेलीय, बाहेर बर्फाचं वादळ आहे. तांदूळ धुवायचे, स्टोव्हमध्ये रॉकेल भरायचं, वाळलेले कपडे घडी घालून ठेवायचे, बस. मध्येच दार वाजतं. उघडायचं की नाही ते खेळणाऱ्याने ठरवायचं. उघडलं तर पडदा पांढरा होतो, वाऱ्याचा आवाज येतो आणि गेम संपतो. नाही उघडलं तर थोड्या वेळाने आई येते, तिघं जेवायला बसतात आणि गेम संपतो. बाहेर कोण होतं ते शेवटपर्यंत कळत नाही. कुणी अंगावर येत नाही, रक्त नाही, किंचाळी नाही. तरी लोक तो खेळताना कानावरचे हेडफोन काढून ठेवायचे.

दार वाजवणारा हात माझा आहे. उत्तर जपानात, मुरोरानला आम्ही ज्या पाच मजली इमारतीत वाढलो ती पाडायची ठरली, तेव्हा ताई साप्पोरोहून आली. म्हणाली, "शुहेई, पाडायच्या आत मला त्या दाराचा आवाज हवाय." मी नगरपालिकेच्या बर्फ काढायच्या गाडीवर ड्रायव्हर आहे, त्यामुळे कुलपाची किल्ली मिळवणं जड गेलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या आमच्या घराचं लोखंडी दार गंजलं होतं. ताई आत माइक घेऊन बसली आणि मी बाहेरून थापा मारल्या.

"असं नाही," ती आतून म्हणाली. "तू पोलिसासारखा वाजवतोयस."

"मग कसं?"

"हळू. एका बोटाने. आतलं कोणी दचकू नये असं."

मी तसं वाजवलं. आतून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "पुन्हा," आणि त्या सकाळी मी दीडशे वेळा तरी ते दार वाजवलं असेल.

कशाचा आवाज आम्ही पकडतोय हे मला माहीत होतं. मी वीस वर्षांचा झालो तेव्हा तिने एकदाच सांगितलं होतं.

आमचे बाबा पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर होते. भट्टी बंद झाली तेव्हा त्यांच्याबरोबरचे लोक दुसऱ्या कारखान्यांत, नागोयाकडे, चिबाकडे गेले. बाबा गेले नाहीत. घरीच राहिले आणि हळूहळू आडवे झाले. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. दारू नाही, शिव्या नाहीत, काहीच नाही. आई माशांच्या वड्यांच्या कारखान्यात उभी राहून काम करायची, घरी यायची तेव्हा त्यांची पाठ दिसायची. डिसेंबरात एक दिवस तिने त्यांची बॅग भरली आणि हाकोदातेला आत्याकडे पाठवून दिलं. दाराचं कुलूप बदललं. ताईला बजावलं, "कोणीही आलं तरी दार उघडायचं नाही. बाबा आले तरी नाही. एकदा आत आले की पुन्हा उठायचे नाहीत ते."

ते फेब्रुवारीत आले. १९९१ साल. दुपारी चारचा सुमार, अंधारून आलं होतं, वादळ. मी चार वर्षांचा होतो आणि झोपलो होतो. ताईने सांगितलं ते असं: बोटाने दार वाजलं. पत्रं टाकायच्या फटीतून बाबा म्हणाले, "चिनात्सु, मी आहे गं." ती दाराशी जाऊन उभी राहिली. "आईने नको सांगितलंय," म्हणाली. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे. शहाणी आहेस." आणखी दोनदा दार वाजलं, पण बोलले नाहीत. मग पावलं वाजली. ती वर जातायत की खाली हे तिला वाऱ्यामुळे कळलं नाही.

आमचे जिने एका बाजूने उघडे असायचे. पाचव्या मजल्यावरची दोन्ही घरं रिकामी होती. त्याच्याही वर, गच्चीवर जायच्या झाकणाखाली, थोडा आडोसा होता. तिथे बाबा बसले. अंगात ताप होता, हृदय आधीच कमजोर होतं, असं नंतर डॉक्टर म्हणाले. आई सातला आली. आम्ही सॅमन मासा आणि बटाटे घातलेलं मिसो सूप प्यायलो, भात खाल्ला, झोपलो. सकाळी इमारतीच्या देखरेखवाल्याला ते सापडले.

पोलीस गेल्यावर आईने ताईला विचारलं, "काल कोणी आलं होतं?"

ताई म्हणाली, "नाही."

आमच्या घरात आईसमोर या विषयावर एवढंच बोलणं झालं. पुढची तीस वर्षं एवढंच. आईने बाबांचे फोटो काढून टाकले, देव्हाऱ्यात ठेवायची त्यांच्या नावाची स्मृतिपाटी आत्या हाकोदातेला घेऊन गेली. आईच्या घरी देव्हारा नाही.

गेम खूप चालला. ताईने तो साप्पोरोच्या एका खोलीत तीन वर्षं एकटीने बसून केला होता. लोक तो खेळताना स्वतःचे व्हिडिओ काढायचे, बाहेर कोण असेल त्यावर भांडायचे. मग तोक्योहून सिनेमावाल्यांचं पत्र आलं.

दिग्दर्शकाचं नाव साकिसाका. अडतीसेक वर्षांचा, हळू बोलणारा, चांगला माणूस. हे मी आजही म्हणतो. तो वाईट असता तर सोपं झालं असतं. जागा बघायला तो मुरोरानला आला तेव्हा मी माझ्या गाडीतून त्याला फिरवलं. बंदर दाखवलं, धुराडी दाखवली, आमची इमारत होती तिथला गाड्या लावायचा सपाट पट्टा दाखवला. तिथे तो टोपी काढून उभा राहिला. संध्याकाळी आम्ही तिघं याकितोरी खायला गेलो. डुकराच्या मांसाचे ते आमच्याकडचे काडीला टोचून भाजलेले तुकडे, मोहरी लावलेले, त्याला फार आवडले.

"ताईसाहेब, एक विचारू?" तो म्हणाला. "बाहेर कोण आहे हे मला सिनेमात दाखवायचं नाहीये. पण मला स्वतःला माहीत असायला हवं. नाहीतर मी कॅमेरा कुठे ठेवू?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. तिने सांगितलं. फटीतून आलेला आवाज, "शहाणी आहेस", सगळं. सांगताना ती टेबलावरची मोहरीची वाटी फिरवत होती.

साकिसाकाने हातातली काडी ताटलीत ठेवली आणि डोकं टेबलाला लागेल इतका वाकला. "हे मी जपेन," म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं.

पटकथेचा पहिला खर्डा ताईने मला फोनवर वाचून दाखवला. अगदी गेमसारखा होता. ती खूश होती. दुसरा खर्डा आला तेव्हा तिने वाचून दाखवला नाही. तिसऱ्यानंतर तिला तोक्योला बैठकीला बोलावलं. परत आली ती सरळ माझ्याकडेच.

"काय झालं?" मी विचारलं.

"तेरा माणसं होती रे," ती म्हणाली. "एका टेबलाभोवती. निर्माते कानामारू म्हणाले, प्रेक्षक शंभर मिनिटं अंधारात बसणार, शेवटी त्याला काहीतरी दिसायला हवं. नुसतं दार दाखवून कसं चालेल? मग साकिसाका म्हणाला, बाप असू दे."

"बाप म्हणजे?"

"मारणारा बाप. भट्टीत अर्धा चेहरा भाजलेला. दारू पितो. बायकोने हाकलला म्हणून सूड घ्यायला येतो. लोखंडी कांब घेऊन."

मी स्वयंपाकघरात उभा होतो. गॅस बंद केला.

"आणि तू काय म्हणालीस?"

"सगळे माझ्याकडे बघत होते. कानामारू म्हणाले, 'मुराओकासान, तुम्हाला चालेल ना?' साकिसाका खाली बघत होता. चहा गार झाला होता. शेवटची गाडी चुकली असती... नाही, गाडीचं काही नव्हतं. उगीच निमित्त कशाला सांगू." ती खुर्चीत बसली. "मी म्हटलं, तुमच्यावर सोपवते."

"ताई..."

"बोल. काय बोलायचं ते बोल."

मी गॅस परत पेटवला. आमच्या घरात कोणी बोलत नाही, मी तरी कुठून शिकणार.

सिनेमा २०२२च्या शरद ऋतूत आला. पोस्टरवर त्या मोठ्या नटाचा अर्धा जळका चेहरा आणि पत्र टाकायच्या फटीतून आत आलेली चार बोटं. खाली एक ओळ: 'गेमच्या निर्मातीच्या स्वतःच्या बालपणातून'. ही ओळ कोणी लिहिली ते कोणी सांगितलं नाही. ताईने फोन केला तर कानामारू म्हणाले, "पण ते खोटं तर नाही ना?"

साकिसाकाने पत्र लिहिलं, हाताने, तीन पानी. क्षमा मागितली होती आणि सिनेमा नीट बघा अशी विनंती केली होती. ते पत्र ताईने फाडलं नाही, उत्तरही दिलं नाही.

आमच्या गावच्या मुलीचा सिनेमा म्हणून मुरोरानच्या सभागृहात खास खेळ ठेवला. रविवार, दुपारी दोन. घडीच्या खुर्च्या, दारात चपला ठेवायला पिशव्या, पहिल्या रांगेत पाहुणे. आई पहिल्या रांगेत. सत्तरीची आई त्या दिवशी केस रंगवून, राखाडी सूट घालून आली होती. मी तिला चारदा म्हटलं होतं, "तू येऊ नकोस, तुला भीती वाटेल."

"पोरीचं कौतुक आहे नि मी घरी बसू?" आई म्हणाली.

सिनेमा चांगला होता. हे मला सांगावंच लागेल. ती छोटी मुलगी इतकं सुरेख काम करते की मी ताईला विसरून तिलाच बघत राहिलो. आणि तो नट. सबंध सिनेमाभर तो दार वाजवतो. आधी थापा, मग मुठी, मग कांब. हॉल हादरत होता. शेवटी दार तुटतं, तो आत येतो, लहान भावाचा पाय धरतो, मुलगी स्टोव्हवरची उकळती किटली त्याच्या तोंडावर ओतते. तो मागे जिन्यावरून पडतो आणि बर्फात मरतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागे कोणीतरी "बरं झालं मेला" म्हणालं.

मी आईकडे बघितलं. ती ताठ बसून होती, हात पर्सवर. चेहऱ्यावर काही नव्हतं.

मग ताईला स्टेजवर बोलावून फुलं दिली. निवेदिकेने विचारलं, "लहानपणी फार भीती वाटली असेल ना तुम्हाला?"

ताईने माइक हातात घेतला. फुलं दुसऱ्या हातात घेतली. "हो," ती म्हणाली.

खाली उतरल्यावर लोकांचा घोळका झाला. त्यातून त्सुकिनागाबाई पुढे आल्या. आमच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायच्या, आता काठी घेऊन चालतात. त्यांनी आईचे दोन्ही हात धरले.

"योशिएसान," त्या म्हणाल्या, "आम्हाला काहीच कळलं नाही हो. एका जिन्यात राहून. तुम्ही त्यांना घराबाहेर काढलंत तेव्हा मी तुम्हाला नावं ठेवली होती. गावभर ठेवली होती. मला माफ करा. किती सोसलंत तुम्ही."

ताई माझ्या शेजारीच उभी होती, हातात फुलं. आम्ही दोघांनी ऐकलं.

आईने हात सोडवून घेतले नाहीत. म्हणाली, "हो. खूप सोसलं."

त्सुकिनागाबाई रडायला लागल्या. आणखी दोन बायका जवळ आल्या. त्या घोळक्याच्या मधोमध आमची आई, आणि तिचे खांदे खाली आले होते. मी तिला तशी कधी बघितली नव्हती. कामावरून येऊन एप्रन काढल्यावर माणूस दिसतं तशी दिसत होती.

आईच्या घरी पोचलो, तिने कोट टांगला, चहाचं पाणी ठेवलं. ताई कोट न काढताच बसली.

"आई, बाबांनी तुझ्यावर कधी हात उचलला होता?"

"तू दहा वर्षांची होतीस. तुला काय कळत होतं?"

"मला कळत होतं. एकदा तरी उचलला?"

आई कप पुसत होती. "नाही," म्हणाली.

"मग आज त्यांना तसं का सांगितलंस?"

"मी कुठे सांगितलं? सिनेमा मी काढला का?" आईचा आवाज चढला नाही. "तुझ्या नावावर आहे. सगळ्या गावाने बघितला. मी काय करायला हवं होतं, सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, माझी पोरगी खोटारडी आहे? तीस वर्षं ती बाई मला बघून रस्ता बदलायची, चिनात्सु. बाजारात. नवऱ्याला थंडीत मारणारी म्हणून. आज तिने माझे हात धरले."

"ते तापाने फणफणलेले होते गं. दार हळू वाजवत होते."

तीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा त्या घरात बोललं गेलं. मला वाटलं आईच्या हातून कप पडेल. नाही पडला. तिने तो टेबलावर ठेवला, आणि बाकीच्या कपांशी त्याचा कान जुळवत असल्यासारखा नीट फिरवला.

"मला माहीत आहे ते आले होते," ती म्हणाली.

"मी तर तुला नाही म्हणाले होते."

"मी कामावरून आले तेव्हा जिन्यावर बुटांचे ठसे होते. बर्फाचे, ओले. आपल्या दाराशी घुटमळलेले आणि मग वर गेलेले. वर कोणी राहत नव्हतं. खाली आलेले ठसे नव्हते." ती माझ्याकडे बघत होती, ताईकडे नाही. "बूट मीच घेऊन दिले होते त्यांना. तळ ओळखू येत होता."

"मग तू वर का नाही गेलीस?" मी विचारलं.

"दिवसभर उभी होते. पाय भरून आले होते. वाटलं, बसू दे. थोडा वेळ बसतील, समजेल त्यांना, आणि जातील. गेले की मग मला त्यांचं तोंड बघावं लागणार नाही." पाणी उकळायला लागलं, तिने उठून गॅस बारीक केला. "मग तुम्हाला वाढलं. सूप गार होत होतं."

आईने फडताळातून चहाचा डबा काढला.

"म्हणून सांगते," आई म्हणाली, "आता आहे तसं राहू दे. दार तू उघडलं नाहीस, वर मी गेले नाही. पण बाहेर त्या सिनेमातला माणूस असेल तर तुझंही बरोबर होतं नि माझंही बरोबर होतं. मेलेल्याला काय फरक पडतो? आपल्याला जगायचंय."

तिने चहा ओतला. तीन कप. ताईने तिचा कप उचलला, त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवला. फुलं तिथेच टेबलावर टाकून ती निघून गेली. आईने ती फुलं बादलीत पाणी घालून ठेवली. आठवडाभर टिकली.

ताईने काय करायला हवं होतं हे मला आजही कळत नाही. वर्तमानपत्राला सांगायचं? मग आईचं काय? तिने जे केलं ते तिच्या परीने सरळ होतं. स्वतःच्या गेममध्ये, नावांची यादी संपते तिथे, तिने चार ओळी घातल्या: 'माझ्या वडिलांनी कधी कोणावर हात उचलला नाही. त्या दिवशी त्यांना ताप होता. ते दार हळू वाजवत होते. मी उघडलं नाही.' खाली पूर्ण नाव, मुराओका चिनात्सु.

आईबद्दल तिने एक अक्षर लिहिलं नाही.

दोन दिवसांत कल्लोळ झाला. लोकांना वाटलं, नवा शेवट सापडला. एकाने लिहिलं, ही मुलगी अजून बापाच्या दहशतीत आहे, म्हणून खोटं बोलते. दुसऱ्याने ओळींची पहिली अक्षरं जोडून काहीतरी शब्द काढला. एका माणसाने चाळीस मिनिटांचा व्हिडिओ केला: हे पत्र मुलीने लिहिलेलंच नाही, बापाने लिहिलंय, म्हणजे तो घरात शिरलाय. तो व्हिडिओ लाखो लोकांनी बघितला. ताईने खाली लिहिलं, 'हा गेम मीच बनवलाय, त्या ओळी खऱ्या आहेत.' त्याखाली लोकांनी हसरे चेहरे टाकले. वा, अजून भूमिकेतच आहे म्हणाले.

एकीने मात्र मनापासून लिहिलं होतं. 'मीही मार खाल्लेला आहे. आम्ही सगळ्या असंच म्हणतो, त्यांनी कधी मारलं नाही म्हणून. कृपा करून कोणाशी तरी बोला.'

ताईने मला ते वाचून दाखवलं. "हिला मी काय उत्तर देऊ?" म्हणाली. "ही चांगली बाई आहे."

पुढच्या आठवड्यात कानामारूंचा फोन आला. फार आनंदात होते. त्या चार ओळींनी पुन्हा सगळीकडे चर्चा सुरू झाली होती. दुसऱ्या भागाची सुरुवात तिथूनच करायची म्हणत होते, बापाच्या पत्रापासून. ताई नको म्हणाली. यावेळी ती खरंच म्हणाली, दोनदा, स्पष्ट. कानामारूंनी सौम्यपणे सांगितलं की झालेल्या करारानुसार पुढच्या भागांसाठी तिच्या होकाराची गरज नाही. पण ती सोबत असली तर बरं वाटेल, असंही म्हणाले.

जानेवारीत आत्याचं पत्र आलं, माझ्या नावाने. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, सादाए, ऐंशीची. बाबांच्या मृत्यूचं वर्ष धरून तेहेतिसाव्या वर्षाचा विधी फेब्रुवारीत होता, शेवटचा. त्यानंतर मेलेल्याचं वेगळं काही करत नाहीत, तो पूर्वजांत जातो. आत्याने लिहिलं होतं: 'तू लहान होतास, तू ये. तुझ्या आईने आणि चिनात्सुने येऊ नये.' पुढे हवापाण्याचं होतं.

मी ताईला पत्र दाखवलं. ती प्रत्येक वर्षी हाकोदातेला जायची, एक दिवस, आईला न सांगता. ती म्हणाली, "जा तू. धूप चांगल्यातला घेऊन जा, तिला स्वस्तातला चालत नाही."

मी गेलो. आत्याच्या घरात सात-आठ माणसं होती, बौद्ध भिक्षू येऊन सूत्रं म्हणून गेले. देव्हाऱ्यासमोर फोटो होता. कामाच्या कपड्यातला माणूस, उन्हामुळे डोळे बारीक केलेले, एक कान जरा पुढे आलेला. मी वाकलो, धूप लावला आणि फोटोकडे बघितलं. आणि त्याच्या उजव्या गालावर मी भाजल्याचा डाग शोधला. क्षणभरच. पण शोधला.

जेवताना आत्या माझ्या शेजारी बसली. डब्यातला गाजराचा तुकडा काढून बाजूला ठेवला.

"मी बघितला तो," ती म्हणाली. "शेजारीण घेऊन गेली. तुमच्या भाचीचा सिनेमा म्हणून तिने तिकिटं काढली, मला वरून खाऊ पण घेऊन दिला. अर्ध्यात उठावंसं वाटलं. पण मधल्या खुर्चीवर होते. इतक्या लोकांचे पाय ओलांडून कुठे जायचं, म्हणून बसले शेवटपर्यंत."

"आत्या, ताईने तसं लिहिलं नव्हतं."

"मग कोणी लिहिलं?"

मी सांगायला सुरुवात केली. तेरा माणसं, टेबल, गार चहा. सांगता सांगता मलाच कळत होतं ते कसं ऐकू येतंय. आत्याने मान हलवली, जशी आपण परक्याचं ऐकताना हलवतो.

"त्या दिवशी मी त्याला म्हटलं होतं, ताप उतरू दे मग जा," ती म्हणाली. "म्हणाला, पोरांचे चेहरे बघून येतो, संध्याकाळच्या गाडीने परत. एवढंच. तुझ्या आईने त्याला आत घेतलं नाही हे मी पचवलं. तिचंही काही असेल. चिनात्सु येऊन इथे बसायची, तेव्हा मला वाटायचं निदान एकीला त्याची माया आहे. तिने त्याच्या हातात कांब दिली रे."

समोर बसलेला आत्याचा जावई बराच वेळ माझ्याकडे बघत होता. वातावरण हलकं करावं म्हणून असेल, त्याने जरा लाजत विचारलं, "तो नट प्रत्यक्षात कसा आहे हो? तुम्ही भेटलात का?"

"नाही," मी म्हटलं. "भेटलो नाही."

निघायच्या आधी आत्याला विचारून मी मोबाइलमध्ये फोटोचा फोटो काढला. स्टेशनवर गाडीला अर्धा तास होता. ताईला फोन लावला.

"झालं नीट?" तिने विचारलं.

"झालं."

"आत्या कशी आहे?"

"बरी आहे. गाजर खात नाही अजून."

ती थोडं हसली. मग मी म्हणालो, "बाबांचा फोटो काढलाय मी. पाठवू का?"

तिकडे भांड्यांचा आवाज येत होता, ती काहीतरी धूत असावी. पाणी बंद केल्याचं ऐकू आलं.

"मला दहा वर्षांची असल्यापासून त्यांचा चेहरा पाठ होता," ती म्हणाली. "डोळे मिटले की यायचा. आता मिटते तर तोच येतो, तो नट. मागच्या वर्षीपर्यंत असं नव्हतं."

"म्हणून तर म्हणतोय. पाठवतो."

"नको," ती म्हणाली. "बघितला आणि ओळखूच आला नाही, तर?"

लाउडस्पीकरवर माझ्या गाडीचं नाव पुकारलं. तिने विचारलं, थंडी आहे का तिथे. मी म्हटलं, आहे, पण बर्फ नाही पडत. ती म्हणाली, "बरं. सांभाळून ये," आणि फोन ठेवला.